डबी नामंजूर

…नाही, पण मी काय म्हणतो, एक डबी लपवायला माणसाला किती सह्या लागाव्यात? एवढीशी डबी हो! औषधाच्या गोळ्यांची असते ना, फिरकीच्या झाकणाची, तेवढी! ती कुठे ठेवायची, कशी ठेवायची, कुणाला विचारून ठेवायची, जमिनीपासून किती उंच ठेवायची… आता ठेवताना तोंड कुठल्या दिशेला करायचं तेवढंच राहिलंय, तेही येईल पुढच्या महिन्यात, बघा तुम्ही! चोर घरात शिरतो तो कुणाला विचारून शिरतो का? आणि मी, चांगला केस पांढरे झालेला माणूस, लिफ्ट दुरुस्त करतो, अर्ध्या शहरातली माणसं माझ्या भरवशावर वर-खाली होतात, आणि मला एक डबी लपवता येत नाही? का? तर म्हणे, नियमात बसत नाही!

थांबा. तुमच्या चेहऱ्यावरून कळतंय, तुम्हाला हा खेळच माहीत नाही. जिओकॅशिंग म्हणतात. नावाला घाबरू नका, आपली लपाछपीच आहे, फक्त लपायचं काम डबीनं करायचं. एकानं डबी लपवायची, ती नेमकी कुठे आहे त्याचे अक्षांश-रेखांशाचे आकडे फोनवरून आमच्या डबीवाल्यांच्या संघाला कळवायचे, मग बाकीचे हातात फोन धरून निघतात शोधायला… इकडे वाक, तिकडे चढ, झुडपात डोकं घाल, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारलं काय हरवलं तर "किल्ली" म्हणून सांग… आणि डबी सापडली की आतल्या चिठोऱ्यावर आपलं नाव लिहायचं, आणि होती तिथे परत ठेवून द्यायची. झालं! आमची ही विचारते, "मग मिळतं काय?" अगं, काही नाही मिळत! नाव लिहायला मिळतं! तर म्हणते, "नाव तर आपल्या दारावरही लिहिलंय तुमचं, ते शोधत जरा लवकर येत जा घरी."

आता हिला काय कळणार! हा नाद मला लावला तो आमच्या ताईनं. माझी थोरली बहीण. हॉस्पिटलात मेट्रन होती, म्हणजे काय ते समजून घ्या. ताई वॉर्डात शिरली की पेशंट झोपल्या झोपल्या सावधानमध्ये यायचे! अशी बाई निवृत्त झाली आणि घरात बसून करणार काय, तर लागली डबीच्या नादाला. आणि काय शोधायची म्हणून सांगू! मी फोनकडे बघत गोल गोल फिरतोय, आणि ही नुसती कमरेवर हात ठेवून उभी राहायची, एकदा डावीकडे बघायची, एकदा उजवीकडे, आणि म्हणायची, "छोट्या, त्या तिसऱ्या विटेमागे हात घाल." हात घातला की डबी! मला छोट्या म्हणते अजून. चारचौघात.

तर ही ताई गेल्या वर्षी पायरीवरून पडली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, अगदी व्यवस्थित झालं, डॉक्टर म्हणाले, आता चालायचं, रोज चालायचं, जितकं चालाल तितकं बरं. आणि ताईनं काय केलं? खुर्ची खिडकीशी ओढून घेतली आणि बसली! चौथ्या मजल्यावर घर, लिफ्ट आहे, मीच बघतो ती लिफ्ट, लोण्यासारखी चालते, तेव्हा ती सबब नाही. व्यायाम शिकवायला एक बाई यायची, तिला दोन दिवसांत पळवून लावलं, म्हणाली, "तिला पट्टी नीट बांधता येत नाही." मी म्हटलं, ताई, अगं खाली तरी उतर, फाटकापर्यंत तरी जा! तर म्हणते, "कशासाठी? फाटकाशी कोण वाट बघतंय माझी?" मी म्हटलं, डबी शोधायला जाऊ या. तर म्हणाली, "ते दिवस गेले, छोट्या." आणि हे म्हणताना माझ्याकडे बघितलंही नाही हो तिनं, खिडकीबाहेर बघत होती. मला ते फार लागलं. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांना पलंगावरून उठवून चालायला लावलं ती बसल्या जागी संपणार की काय, असं वाटायला लागलं मला. झोप उडाली माझी.

आणि मग सुचलं! एकदम सुचलं, एका लिफ्टच्या छतावर बसलो होतो तिथे सुचलं! म्हटलं, तिला बोलवायचंच नाही, आपण एक डबी लपवायची! तिच्या घराजवळ! अगदी नाकासमोर! एकदा का संघाच्या नकाशावर तिच्या घराला खेटून नवा ठिपका दिसला की ही बसून राहणार आहे का? जीव तळमळेल तिचा! उतरेल खाली! एकदा फाटकापर्यंत गेली की पुढची लपवायची जरा लांब, मग आणखी लांब… काय डोकं आहे की नाही? आमच्या हिला सांगितलं, तर तीसुद्धा म्हणाली, "हे बरं सुचलं तुम्हाला!" बघा, लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा.

मी लागलीच डबी आणली, चिठोरं घातलं, ताईच्या इमारतीच्या फाटकाशी विजेच्या मीटरची पेटी आहे तिच्यामागे चिकटवली आणि दिली संघाकडे पाठवून. पूर्वी काय होतं, डबी लपवली, कळवली, झालं काम! आता तसं नाही. आता तपासनीस आहे. तो तुमची जागा तपासणार, मग पसंत पडली तर नकाशावर घेणार. आणि हा तपासनीस कोण, ते कुणाला सांगत नाहीत! गुपित! कारण मागे एका तपासनीसाच्या सायकलची कुणीतरी हवा सोडली होती. माझ्याकडे बघू नका, मी नव्हतो. तेव्हापासून तपासनीस टोपणनावानं लिहितो. आमच्या भागाला नवीन आला होता त्याचं टोपणनाव काय? गरुड! ऐका, ऐका! गरुड म्हणे! आणि दुसऱ्या दिवशी या गरुडाचं उत्तर, "विजेच्या पेटीला डबी चिकटवू नये. नियमात बसत नाही. नामंजूर." नमस्कार नाही, चमत्कार नाही, बस्स एवढंच!

बरं, म्हटलं, ठीक आहे, विजेचा मामला आहे, माझंच चुकलं. रस्त्यापलीकडे लहानशी बाग आहे, तिथल्या बाकाखाली लपवली. तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी उत्तर, "जवळच वाचनालयामागे आधीची एक डबी आहे. दोन डब्यांत पुरेसं अंतर हवं. शिवाय बाकाच्या मागच्या पायाला गंज आहे, हात कापेल. नामंजूर." अहो, ती वाचनालयामागची डबी उंदरांनी खाऊन किती वर्षं झाली! माणूस गेल्यावरसुद्धा त्याचं नाव यादीतून काढतात, डबीचं नाही? आणि गंज? बाकाला गंज नसेल तर काय मेंदी असेल?

मी चिडलो. पण कुणासाठी करतोय हे डोळ्यांसमोर होतं, म्हणून गप्प बसलो. ती मेलेली डबी आधी नकाशावरून काढायला लावली, आणि म्हटलं, आता वाचनालयाच्या कुंपणाच्या भिंतीतच लपवतो, जागा मोकळी झालीय! तर तोवर नवीन नियम! "खासगी अथवा संस्थेच्या जागेत लपवताना प्रमुखाची परवानगी हवी." गेलो ग्रंथपाल बाईंकडे. त्या कुजबुजत बोलतात, आणि आपणही कुजबुजत बोलावं अशी त्यांची अपेक्षा. "काय आहे डबीत?" काही नाही, कागद आहे. "कसला कागद?" कोरा. "कोरा कागद तुम्ही आमच्या भिंतीत का लपवता?" लोकांनी शोधावा म्हणून! "मग लपवता कशाला, टेबलावर ठेवा ना!" आता ह्यांना काय सांगणार, आणि तेही कुजबुजत! घसा बसला माझा. शेवटी वाचनालयाचा सामान चढवायचा लहान लिफ्ट-पाळणा बंद पडला होता तो फुकट दुरुस्त करून दिला, तेव्हा परवानगी मिळाली. दिली पाठवून. गरुडाचं उत्तर, "परवानगी ठीक. पण त्या फटीत एक पाल राहते. तिची गैरसोय होईल. नामंजूर."

पाल! तुम्हाला सांगतो, मी फोनकडे बघत राहिलो. पालीची गैरसोय! माझ्या गैरसोयीचं काय? पालीला एक फट गेली तर दुसरी मिळेल, मला दुसरी बहीण मिळणार आहे का?

आणि खरी गंमत पुढेच आहे. दर रविवारी मी ताईकडे जायचो, भाजी, दूध, औषधं, सगळं वर नेऊन द्यायचो. ती आपली खुर्चीत, पायावर शाल, शेजारी आधाराचा वॉकर. डबी तिच्यासाठी आहे हे तर सांगायचं नव्हतं, मग सगळी मजा जाईल. पण पोटात किती ठेवणार माणूस? मी आपलं सांगायचो, की ताई, मी आपला लांब कुठेतरी एक डबी लपवतोय, आणि हा एक गरुड नावाचा मेला माझ्या राशीला लागलाय! ताई शांतपणे ऐकायची. "हो का? काय म्हणाला?" मी सांगायचो, पालीचं सांगितलं, गंजाचं सांगितलं. "अरेरे. फारच खडूस माणूस दिसतो." खडूस? ताई, अगं खडूस शब्द कमी आहे! हा माणूस कसा असेल ते मी सांगतो तुला, ढेरी असेल ही एवढी, दिवसभर सोफ्यावर लोळत असेल, घरातून बाहेर पाऊल टाकत नसेल, पायाला कधी धूळ लागली नसेल, आणि लोकांना नियम शिकवतो! यावर ताईला ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. पाठ चोळून दिली. मला वाटलं, बिचारीला माझा त्रास बघवत नाही! ती म्हणाली, "तू नियम एकदा नीट वाचत का नाहीस, छोट्या? आणि पुढची कुठे लपवणार आहेस?" सांगत नाही म्हटलं. तर म्हणाली, "नको सांगूस. कळेलच."

घरी आलो तर आमच्या हिनं काय म्हणावं! "अहो, तुमच्या लिफ्टमध्ये सहा माणसं असं लिहिलेलं असतं ना? सातवा चढला की ओरडतं कोण?" मी म्हटलं, ते वेगळं! "वेगळं काय? तो सातवासुद्धा म्हणतच असेल, मी एवढासा आहे." आता बायकोला उत्तर द्यायचं असेल तर माणसाकडे ते असावं लागतं.

पण मी हटलो नाही! नाल्यावरच्या पादचारी पुलाच्या कठड्याला लोहचुंबकाची डबी लावली. नामंजूर! "पुलावर वस्तू चिकटवलेली दिसली तर लोक घाबरतात." आणि त्याच आठवड्यात नवीन नियम, "पूल, बोगदे, टाक्या आणि मोठे पाइप यांवर डबी नको." माझ्यासाठी खास! मी एक जागा शोधली की तिच्यावर एक नियम उगवतो! दाढी केली की दुसऱ्या दिवशी उगवते तसा! मग मात्र मी संघाच्या सभेला गेलो आणि उभा राहिलो. आमचे चिटणीस गळ्यात शिट्टी अडकवून फिरतात, म्हणून त्यांचं नाव शिट्टी. मी म्हटलं, शिट्टीसाहेब, हा खेळ आहे की कोर्ट? हा गरुड कोण लागून गेला? माझ्यासमोर उभा करा, चार गोष्टी विचारतो त्याला! तर शिट्टी म्हणतात, "हे बघा, तावातावानं बोलू नका. गरुड फार मेहनती आहेत. नियम त्यांनीच नीट लावून दिले. आणि प्रत्येक जागा स्वतः जाऊन बघतात." जातात? म्हटलं, कशात बसून? "पायी जातात." मी म्हटलं, खोटं! पायी जाणारा माणूस पालीची काळजी करत नाही, स्वतःच्या पायाची करतो! त्यावर सगळे हसले. शिट्टी का कुणास ठाऊक, सगळ्यात जास्त हसले.

मग मी ठरवलं, आता याला दाखवतोच! मेहनती ना तू? पायी जातोस ना? चल! टेकाडावर पाण्याची टाकी आहे, तिच्या अलीकडे, टाकीला न लागता हं, नियम पाळून, एका दगडाखाली लपवली. वाट चढाची, दम काढणारी. खरं म्हणजे तेव्हा रागाच्या भरात मी विसरूनच गेलो होतो की डबी ताईसाठी आहे. तिथवर ताई कशी जाणार, हे डोक्यातच आलं नाही हो! फक्त गरुडाची जिरवायची! आठवडाभर उत्तर नाही. मी खूश! म्हटलं, बसला असेल अर्ध्या वाटेत जीभ बाहेर काढून! आणि मग आलं उत्तर. "चढ फार आहे. वाटेत टेकायला काही नाही. वर पोचेपर्यंत धाप लागते. वरून शहर छान दिसतं, पण ज्येष्ठांसाठी योग्य नाही. नामंजूर." धाप लागते म्हणे! कुणाला विचारून चढलास? ज्येष्ठांची फार काळजी! माझ्या घरातल्या ज्येष्ठाला तुझ्यापायी खुर्चीतून उठता येईना, त्याचं काय?

तेव्हा भानावर आलो. म्हटलं, पुरे. राग गिळला, आणि शेवटचा प्रयत्न म्हणून बागेपलीकडच्या तळ्याकाठी, झाडाच्या ढोलीत डबी ठेवली. सपाट रस्ता, वाटेत बाक, सावली, सगळं आहे. ना वीज, ना पूल, ना पाल. झाडाची परवानगी घ्यायची असेल तर सांगा, म्हटलं, तीही घेतो. आणि पाठवून दिली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला कामाचा फोन आला. ताईच्या इमारतीतून! लिफ्ट बंद पडलीय! माझी लिफ्ट! लोण्यासारखी! मी निघालोच धावत. लिफ्टसाठी नव्हे हो, ताईसाठी! चौथ्या मजल्यावर एकटी, खाली उतरायची सोय नाही, एखादी गोळी संपली असेल, काही लागलं असेल… पोचताच हत्यारांची पिशवी खालीच टाकली, पायऱ्या चढत गेलो. दोन मजल्यांवर गुडघे बोलायला लागले, तिसऱ्यावर डोळ्यांपुढे काजवे. आयुष्यभर लोकांना लिफ्टनं वर पाठवलं, स्वतः कधी जिना चढलो होतो? पोचलो एकदाचा. दाराला कुलूप!

कुलूप! बेल वाजवली, दार बडवलं, हाका मारल्या… नाही! तुम्ही विचार करा, लिफ्ट बंद, बाईला चालता येत नाही, आणि बाई घरात नाही! गेली कुठे? उडून? शेजारच्या बाईंनी दार उघडलं, म्हटलं, माझी बहीण? "त्या? गेल्या की खाली." खाली? कशानं? लिफ्ट बंद आहे! "जिन्यानं!" आणि मलाच वेड्यात काढल्यासारखं बघून दार लावून घेतलं. जिन्यानं! आमची ताई! चार मजले! मला खरं वाटेना. आनंद करायचा की घाबरायचं, तेही कळेना. धावत खाली आलो, कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई ना? ह्या काय, आत्ताच गेल्या तळ्याकडे. रोज निघतात या वेळेला. हातात काठी, खिशात टेप." टेप? "मोजायची टेप हो! शिंप्याकडची नाही, गवंड्याकडची."

आता तुम्ही हसताय. तुम्हाला कळलं. मला त्या क्षणीसुद्धा कळलं नव्हतं, देवाशप्पथ! मी धावत तळ्याकडे. आणि बघतो तर काय… ताई! माझ्या झाडाखाली! ताठ उभी! काठी झाडाला टेकवून ठेवलीय, टेपचं एक टोक ढोलीपाशी दगडाखाली दाबलंय, आणि दुसरं टोक हातात धरून पाण्याकडे पावलं टाकतेय. एक, दोन, एक, दोन… सावकाश, पण स्वतःच्या पायावर हो! मी थबकलोच. तिनं पाण्याच्या काठाशी टेप टेकवली, चष्मा वर केला, आकडा बघितला, मान हलवली आणि मागे न वळता म्हणाली, "छोट्या, पाण्यापासून अंतर कमी आहे. पाणी वाढलं की डबी वाहून जाईल. नियमात बसत नाही."

मी मटकन खाली बसलो. गवतात. म्हटलं, ताई… तू? तू गरुड? "मग? सोफ्यावर लोळणारा दुसरा कुणी येईल म्हणून वाट बघत होतास? ढेरी आहे का बघ, असली तर सांग." अगं पण कधीपासून? तर म्हणे ऑपरेशननंतर शिट्टी भेटायला आले होते. म्हणाले, तुम्हाला इतकी जाण आहे, घरबसल्या तपासनीस व्हाल का? कुणाला सांगायचं नाही, बस्स. ही हो म्हणाली. घरबसल्याच करणार होती! "पहिली डबी तुझी आली, फाटकाची. ती मी खिडकीतूनच नामंजूर केली. दुसरी आली बाकाची. आता बाकाखाली काय आहे ते चौथ्या मजल्यावरून दिसतंय थोडंच? तीन दिवस मी त्या बाकाकडे बघत बसले होते. वाटेल ते करून बघितलं, दुर्बिणीनं बघितलं. दिसेना. न बघता नामंजूर कसं करायचं? आणि न बघता मंजूर तरी कसं करायचं? चौथ्या दिवशी उतरले." आणि मग ती टेप गुंडाळायला लागली. "रस्ता ओलांडून त्या बाकापर्यंत जायला मला किती वेळ लागला, ते तुला नाही सांगत. पोचले आणि बसले आणि रडले खूप. गंज लागला तो माझ्याच साडीला लागला."

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे धावल्यामुळेही असेल. पण आलं. मी म्हटलं, ताई, अगं त्या सगळ्या डब्या मी तुझ्यासाठी लपवत होतो! तू खाली उतरावंस म्हणून! तर ही अशी बघते माझ्याकडे, मेट्रनसारखी. "माझ्यासाठी? मग बरं झालं नामंजूर केल्या ते! पहिलीच मंजूर केली असती तर फाटकापर्यंत गेले असते आणि परत येऊन बसले असते. टाकीपर्यंत कुणी नेलं असतं मला?" मी म्हटलं, बरं, मग मला सांगितलं का नाहीस? दर रविवारी चौथ्या मजल्यावर बटाटे कोण वाहत होतं? चालता येत होतं तर स्वतः नाही आणायचे? "तू इतक्या प्रेमानं आणत होतास, तुझं मन कसं मोडू? आणि तपासनीसाचं गुपित असतं. शिवाय तू गरुडाला शिव्या द्यायचास ना, त्यात माझा रविवार किती छान जायचा!"

झालं! म्हटलं, असू दे, शेवट गोड झाला. गुपित फुटलं, आता मी भाऊ, ती बहीण, एवढं सगळं केल्यावर तळ्याची डबी दोन हात मागे सरकवतो, तेवढी मंजूर कर! एक तरी! हक्काची! तर गंभीर झाली एकदम. "ते आता शक्य नाही, छोट्या. तपासनीस कोण हे ज्याला कळलं त्याची डबी त्या तपासनीसानं मंजूर करायची नाही. पक्षपात होतो." हा नियम कधी आला? "आत्ताच करतेय." अगं मग मी दुसऱ्या भागात लपवतो, दुसरा तपासनीस बघेल! "लपव की. पण मग मी चालायला कुठे जाऊ?"

आता हिला नियम कोण शिकवणार? सांगा! मी उठलो, लिफ्ट दुरुस्त केली, तिला म्हटलं चल, वर सोडतो, तर म्हणाली तू जा लिफ्टनं, तुझे पाय थरथरतायत… आणि गेली जिन्यानं. डॉक्टर म्हणतात, असा पेशंट बघितला नाही, काय औषध देता? आता काय सांगू त्यांना, की नियम देतो म्हणून? दर आठवड्याला मी एक जागा शोधतो, उन्हातान्हात वणवण करतो, डबी लपवतो, मागच्यापेक्षा थोडी लांब, थोडी चढाची, आणि पाठवून देतो. नक्की नामंजूर होणार, मला माहीत असतं! अहो, शहरातला मी एकटा माणूस असेन जो इतक्या मेहनतीनं नापास व्हायची तयारी करतो! आमची ही डबा भरून देते, स्वतः काही येत नाही, म्हणते, "जा, बहिणीचं काम आहे."

परवा टेकडीच्या पार पलीकडची पाठवली. जाऊन-येऊन माझी कंबर धरली, दोन दिवस लिफ्टच्या छतावर चढता येईना. काल उत्तर आलं. "रस्ता उत्तम. जागा सुंदर. वारा तर फारच छान. नामंजूर."